हिशेबाची वही : ५,१३६ मतांचा धडा

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. वंदना आटोपल्यावर आम्ही चार-पाच जण विहाराच्या पायरीवर बोलत बसलो होतो. विषय अर्थातच निवडणुकीचा. माझी मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करते आहे. ती मध्येच म्हणाली, "पप्पा, अमेरिकेत तर राज्यपालसुद्धा निवडणुकीत पडतात."

आमचे निवृत्त गुरुजी शेजारीच होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, "राज्यपाल पडतो? कुठून, जिन्यावरून?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर वाटले, गुरुजींचे काय चुकले? आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपतींच्या सहीने येतो आणि सहीनेच जातो. तो पडणार कसा? म्हणून ठरवले, या वेळी आपल्या वहीत हाच हिशेब मांडायचा.

वाचक हो, अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे नावाने राज्यपाल, पण कामाने मुख्यमंत्री. राज्याचे अंदाजपत्रक, शाळा, दवाखाने, तुरुंग, कर्मचाऱ्यांचे पगार हे सारे त्याच्या टेबलावरून जाते. त्याला आमदार निवडत नाहीत, राज्यातले मतदार थेट निवडतात. बहुतेक राज्यांत मुदत चार वर्षांची. खुर्चीवर असलेला गव्हर्नर पुन्हा उभा राहिला तर सरकारी प्रसिद्धी, पैसा आणि ओळख हे सगळे त्याच्याच बाजूला असते. म्हणून तो सहसा निवडून येतो. पण कधी कधी त्याची खुर्ची डळमळीत होते. मग साऱ्या देशाचे लक्ष त्या एका राज्याकडे लागते.

आपल्याकडेही राज्यपाल लोकांनी निवडावा असा विचार झाला होता, हे आजच्या मुलांना माहीत नसते. १९४७ साली घटना समितीने प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मतदानाने निवडावा असेच ठरवले होते. १९४९ च्या मे महिन्यात तो निर्णय बदलला आणि नेमणुकीची पद्धत आली. त्या चर्चेत बाबासाहेबांची भूमिका सरळ होती. राज्यपालाने केवळ घटनात्मक प्रमुख म्हणून राहायचे आणि कारभारात ढवळाढवळ करायची नसेल, तर तो निवडलेला की नेमलेला हा मूलभूत प्रश्न उरत नाही. अमेरिकेत गव्हर्नर खराखुरा कारभार करतो, म्हणून तिथे त्याला मत मागावे लागते. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

आता उदाहरण कोणते घ्यावे? मी केंटकी राज्य घेतले आणि साल २०१९. कारण त्या निवडणुकीत पेन्शन आहे, शिक्षक आहेत, गरिबांचा दवाखाना आहे आणि मताचा हक्कही आहे. म्हणजे आपल्या पानावर येण्यासारखे सगळे आहे. शिवाय मी स्वतः १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत लागलेला कारकून. जुन्या पेन्शनची दारे आमच्या तोंडावर बंद झाली. दर महिन्याच्या पगारपत्रकात दहा टक्क्यांची कपात मी डोळ्यांनी पाहतो. मार्च २०२३ मध्ये आम्ही जुन्या पेन्शनसाठी संपावर उतरलो, तेव्हा घरून विचारणा झाली होती, "पगार कापला तर दूधवाल्याला काय सांगायचे?" त्यामुळे केंटकीच्या शिक्षकांची गोष्ट वाचताना ती मला परक्या मुलखातली वाटलीच नाही.

केंटकी हे कोळसा खाणींचे, घोड्यांच्या शर्यतींचे आणि डोंगराळ खेड्यांचे राज्य. राजधानी फ्रँकफर्ट हे लहानसे गाव, मोठी शहरे लुईव्हिल आणि लेक्झिंग्टन. राज्यात १२० काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधले काहीतरी समजा. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत या राज्याने डोनाल्ड ट्रम्प यांना जवळजवळ ३० टक्क्यांची आघाडी दिली होती. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा पक्का गड. अशा गडात रिपब्लिकन गव्हर्नरला भीती कसली?

गव्हर्नर होते मॅट बेव्हिन, मूळचे उद्योजक. २०१५ साली पक्षांतर्गत निवडणुकीत ते अवघ्या ८३ मतांनी पुढे राहिले आणि उमेदवार झाले. नंतरची मुख्य निवडणूक मात्र त्यांनी आरामात जिंकली. ८३ मतांवर उभा राहिलेला माणूस खरे म्हणजे एकेका मताला जपेल असे वाटते. तसे घडले नाही.

त्यांच्यापुढचा प्रश्न खोटा नव्हता, हे आधी नमूद करतो. केंटकीचा पेन्शन निधी साऱ्या अमेरिकेत अत्यंत वाईट अवस्थेत असलेल्या निधींपैकी एक होता. आधीच्या सरकारांनी वर्षानुवर्षे आपला पूर्ण हिस्सा भरलेला नव्हता. बेव्हिन यांच्या काळात अंदाजपत्रकातून पूर्वीपेक्षा जास्त रक्कम निधीत गेली, हेही खरे. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मी म्हणेन की तूट दिसत असताना डोळे झाकणे शहाणपणाचे नाही.

पण तूट भरून काढायची कोणाकडून? नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना हमीची पेन्शन न देता वेगळ्या खात्याची योजना लावायची, असा घाट घातला गेला. साठलेली आजारी रजा पेन्शनच्या हिशेबात धरण्यावरही मर्यादा आली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांना म्हातारपणी सोशल सिक्युरिटी नावाची सरकारी रक्कम मिळते. केंटकीच्या शिक्षकांना त्या नोकरीवर ती मिळत नाही. त्यांचा आधार म्हणजे ही पेन्शनच.

आणि ते केले कसे? २९ मार्च २०१८ रोजी विधिमंडळापुढे सांडपाण्याच्या व्यवस्थेचे एक साधे विधेयक होते. त्याच्या पोटातला मजकूर काढून तिथे २९१ पानांचा पेन्शनचा मजकूर घातला. काही तासांत, दिवस मावळेपर्यंत, दोन्ही सभागृहांत ते मंजूर झाले. खालच्या सभागृहात ४९ विरुद्ध ४६. २९१ पाने एवढ्या वेळात कोणी वाचली असतील? आमच्या कार्यालयात दोन पानांची टिपणी वरच्या टेबलावर आठवडाभर पडून राहते!

दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी सामुदायिक आजारी रजा टाकली. लुईव्हिल आणि लेक्झिंग्टनसह वीसहून अधिक काउंट्यांतल्या शाळा बंद राहिल्या. २ एप्रिलला हजारो शिक्षक फ्रँकफर्टच्या विधान भवनावर धडकले. त्याच वसंतात वेस्ट व्हर्जिनिया, ओक्लाहोमा, ॲरिझोना या राज्यांतले शिक्षकही रस्त्यावर होते. गव्हर्नरांनी १० एप्रिलला विधेयकावर सही केली.

इथपर्यंत हा धोरणाचा वाद होता. धोरणाचा वाद लोक विसरतात. पण बेव्हिन यांनी जीभ आवरली नाही. शिक्षक स्वार्थी आहेत, गुंडगिरी करतात, असे ते बोलत राहिले. १३ एप्रिलला शाळा पुन्हा बंद राहिल्या तेव्हा तर ते म्हणाले की, आज घरी एकट्या राहिलेल्या एखाद्या मुलावर नक्की कुठेतरी लैंगिक अत्याचार झाला असेल. म्हणजे त्याचे पाप शिक्षकांच्या माथी! दोन दिवसांत त्यांना माफी मागावी लागली. त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या सभागृहाने त्या विधानाचा निषेध केला. पण शब्द तोंडातून गेला होता.

मित्रहो, आपल्या समाजाला हे समजावून सांगायला नको. भाकरी अर्धी झाली तर माणूस पोटाला चिमटा घेऊन दिवस काढतो. अपमान झाला की तो तारीख-वारासह लक्षात ठेवतो.

शिक्षकांनी दोन वाटा धरल्या. पहिली कोर्टाची. राज्याचे ॲटर्नी जनरल अँडी बेशिअर, शिक्षक संघटना आणि पोलिसांची संघटना यांनी मिळून दावा लावला. मुद्दा असा की, केंटकीच्या घटनेप्रमाणे प्रत्येक विधेयकाचे वाचन तीन वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवे. सांडपाण्याच्या विधेयकाची आधीची वाचने पेन्शनच्या विधेयकाला कशी चालतील? १३ डिसेंबर २०१८ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. गव्हर्नरांनी चार दिवसांत विशेष अधिवेशन बोलावले. त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांनी ते सुमारे चोवीस तासांत काही न करता गुंडाळले.

दुसरी वाट मतपेटीची. मे २०१८ मध्येच पेन्शन विधेयक रचणाऱ्या, सभागृहातल्या रिपब्लिकन गटाच्या एका मोठ्या नेत्याला त्यांच्याच पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत एका शाळेच्या गणिताच्या शिक्षकाने थोड्या मतांनी हरवले. गणिताचे मास्तर होते, बेरीज बरोबर केली म्हणायची. ती पहिली घंटा होती.

शिक्षक एकटे नव्हते. बेव्हिन यांच्या आधीचे गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य योजनेची कक्षा वाढवली होती. चार लाखांहून अधिक लोकांना त्यातून उपचार मिळू लागले होते. बेव्हिन यांनी अट आणली की, धडधाकट माणसाने दरमहा ठरावीक तास काम, शिक्षण किंवा सेवा केल्याचे दाखवावे, तरच लाभ. संघीय न्यायालयाने जून २०१८ मध्ये ही अट अडवली. लगेच १ जुलैपासून त्यांच्या सरकारने सुमारे पाच लाख लोकांचे दातांचे आणि डोळ्यांचे उपचार बंद केले. ओरड झाली तेव्हा तीन आठवड्यांच्या आत ते परत सुरू केले. ज्याचा दात ठणकत होता, त्याने ते तीन आठवडे कसे काढले असतील?

आणखी एक गोष्ट. २०१५ साली त्यांच्यासोबत जेनीन हॅम्प्टन या उपगव्हर्नर म्हणून निवडून आल्या होत्या. केंटकीत राज्यव्यापी पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. २०१९ साली बेव्हिन यांनी त्यांना वगळून दुसरा सहकारी घेतला. फोटोपुरते सोबत घ्यायचे आणि पुढच्या वेळी बाजूला सारायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

२०१९ च्या सुरुवातीला एका देशव्यापी पाहणीत बेव्हिन हे साऱ्या अमेरिकेतले सर्वांत नावडते गव्हर्नर ठरले. मे महिन्यातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत, खुर्चीवर असूनही, त्यांना जेमतेम ५२ टक्के मते पडली. त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाने उभे केले तेच अँडी बेशिअर. माजी गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांचे ते चिरंजीव. म्हणजे घराणेशाही तिथेही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांनी उपगव्हर्नरपदासाठी जॅकलिन कोलमन या शाळेतल्या उपमुख्याध्यापिकेला सोबत घेतले. शिक्षकांना जे समजायचे ते समजले.

४ नोव्हेंबर २०१९, मतदानाच्या आदल्या रात्री, खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प लेक्झिंग्टनला सभेसाठी आले. बेव्हिन हरले तर तो आपलाच मोठा पराभव म्हणून सांगितला जाईल, असे त्यांनी श्रोत्यांना बजावले. दुसऱ्या दिवशी मतदान झाले. २०१५ साली सुमारे ३१ टक्के मतदार बाहेर पडले होते. या वेळी सुमारे ४२ टक्के.

आता वहीचे पान उघडतो.

बेशिअर : ७,०९,८९०. बेव्हिन : ७,०४,७५४. लिबर्टेरियन पक्षाचे तिसरे उमेदवार : २८,४३३. फरक ५,१३६ मतांचा.

काउंट्या मोजल्या तर बेव्हिन यांनी ९७ जिंकल्या, बेशिअर यांनी फक्त २३. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल बेव्हिनच जिंकले. पण मत जमिनीला नसते, माणसाला असते. शहरांनी, त्यांच्या लगतच्या वस्त्यांनी आणि काही कोळसा खाणींच्या गावांनी बेशिअर यांना तारले. त्याच दिवशी राज्यातली बाकीची पाचही मोठी पदे रिपब्लिकन उमेदवारांनी जिंकली. म्हणजे राज्याने पक्ष बदलला नव्हता. लोकांनी एकाच माणसाचा हिशेब चुकता केला होता.

५,१३६ ला १२० काउंट्यांनी भागा. दर काउंटीमागे ४३ मते. आणि ही मते एकाकडून दुसऱ्याकडे फिरली असती तर त्याच्या निम्मीच पुरली असती. म्हणजे दर काउंटीमागे २२ माणसे. एका शाळेच्या शिक्षकखोलीत एवढी माणसे डबा खायला बसतात.

तिसऱ्या उमेदवाराची मते फरकाच्या साडेपाच पट होती. लगेच कोणी म्हणेल, त्यानेच खेळ बिघडवला. मी तसे म्हणणार नाही. ती २८,४३३ माणसे कोणाची मालमत्ता नव्हती. ती नसती तर कोणाकडे गेली असती, की घरीच बसली असती, हे कोणालाही छातीठोक सांगता येणार नाही. मते फोडल्याचा ठपका आपल्यावरही येतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बेव्हिन यांनी लगेच हार मानली नाही. गैरप्रकार झाल्याचे ते म्हणत राहिले. १४ नोव्हेंबरला आकड्यांची फेरतपासणी झाली, निकाल तोच राहिला आणि त्याच दिवशी त्यांनी पराभव मान्य केला. जाता जाता शेवटच्या काही आठवड्यांत त्यांनी चारशेहून अधिक कैद्यांना माफी किंवा शिक्षेत सूट दिली. त्यावरूनही मोठे वादळ उठले.

आता या गोष्टीतले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे पान.

केंटकीच्या घटनेप्रमाणे मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाचा मताचा हक्क जातो. शिक्षा भोगून तो घरी आला, कामाला लागला, कर भरू लागला, तरी हक्क परत मिळत नाही. तो द्यायचा तर गव्हर्नरनेच द्यायचा. सेंटेन्सिंग प्रोजेक्ट या संस्थेच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे या नियमामुळे केंटकीतल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोक मताला मुकले होते. चारातला एक! कायद्यात जातीचा वा वर्णाचा शब्द नाही, पण ओझे कोणाच्या पाठीवर जास्त पडते ते पाहा.

नोव्हेंबर २०१५ मध्ये पद सोडण्यापूर्वी स्टीव्ह बेशिअर यांनी अहिंसक गुन्ह्यांची शिक्षा पूर्ण केलेल्यांना एका आदेशाने मताचा हक्क परत दिला. डिसेंबर २०१५ मध्ये बेव्हिन यांनी तो आदेश मागे घेतला. त्यांचे म्हणणे होते की, हा बदल विधिमंडळाने आणि लोकांनी करायचा आहे, गव्हर्नरच्या सहीने नव्हे. त्यानंतर १० डिसेंबर २०१९ रोजी अँडी बेशिअर यांनी शपथ घेतली आणि दोनच दिवसांनी नवा आदेश काढला. त्याने १ लाख ४० हजारांहून अधिक लोकांना मताचा हक्क मिळाला. पाठोपाठ मेडिकेडची ती कामाची अटही त्यांनी मागे घेतली.

१ लाख ४० हजार म्हणजे ५,१३६ च्या सत्तावीस पट. एवढी माणसे त्या निवडणुकीत मुकी होती. त्यांनी कोणाला मत दिले असते हा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की त्यांचे मत असावे की नसावे हे एका खुर्चीवरचा माणूस ठरवत होता, आणि त्या माणसाला निवडण्यात त्यांचा हात नव्हता. एक सही आली, हक्क आला. दुसरी सही आली, हक्क गेला. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे मताधिकार का मागितला, ते या एका पानावरून कळते. आपल्याकडे तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही. पण सुटून आलेला माणूस यादीत नाव असले की आपल्या सर्वांबरोबर रांगेत उभा राहतो. त्यासाठी त्याला कोणाच्या मेहेरबानीची सही लागत नाही.

पुढे काय झाले तेही सांगतो. २०२३ साली बेशिअर स्वतः खुर्चीवर होते आणि समोर होते डॅनिअल कॅमरून, केंटकीचे पहिले कृष्णवर्णीय ॲटर्नी जनरल, रिपब्लिकन पक्षाचे, ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले. गड रिपब्लिकनांचा, म्हणून बेशिअर पडतील असे पुष्कळांना वाटत होते. ते सुमारे ६७ हजार मतांनी निवडून आले. तिथे सलग दोनच मुदती मिळतात, त्यामुळे २०२७ च्या निवडणुकीत त्यांना उभे राहता येत नाही. आणि ३ नोव्हेंबर २०२६ ही तर ३६ राज्यांच्या गव्हर्नर निवडणुकीची तारीख. कोणाची खुर्ची हलते हे वर्तमानपत्रे दर वेळी अंदाजाने सांगतात. मी तो धंदा करत नाही. मी एवढेच पाहतो की कोणाला दुखावले गेले, त्यांनी ते लक्षात ठेवले का, आणि ते मतदानाला बाहेर पडले का.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचे? शिक्षक नुसते चिडले असते तर काही झाले नसते. चिडलेला माणूस चहाच्या टपरीवर बोलतो आणि मतदानाच्या सुट्टीत गावाला जातो. केंटकीच्या शिक्षकांनी कागद वाचला, कोर्टात गेले, दीड वर्ष राग जपला आणि शेजाऱ्याला बरोबर घेऊन मतदान केंद्रावर गेले. तेव्हा कुठे ५,१३६ झाले.

मागच्या निवडणुकीत आमच्या वस्तीतल्या एका विधवा बाईंचे नाव यादीतून गायब होते. त्या सकाळी सातला रांगेत उभ्या राहिल्या आणि साडेआठला परत आल्या. "भाऊ, माझं नावच नाही म्हणतात," एवढेच बोलल्या. मी सामाजिक कार्यकर्ता म्हणवतो, पण त्यांचे नाव आधी तपासायचे मला सुचले नव्हते. ती चूक माझी. म्हणून आता विहारात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यादी घेऊन बसायचे ठरवले आहे. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असेल तर नमुना ८. अठरा वर्षे पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. घरात कोणी अठराचे होत असेल तर माता-भगिनींनी तारीख पाहून ठेवावी.

गुरुजींना मी हा सगळा हिशेब परवा वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मास्तरांनी पाडला तर!" आणि आपला मतदार यादीतला अनुक्रमांक माझ्याकडून तपासून घेतला. नाव आहे. वयाची नोंद मात्र चार वर्षांनी कमी लागली आहे. ती दुरुस्त करू नकोस, असे त्यांनी हसत हसत बजावले आहे.

असो. पुढच्या अंकी भेटूच.

जय भीम.